मरणाचें वाङ्मय आणि शुश्रूषेचा हिशेब

आमच्या वाङ्मयांत मरण पुष्कळ आहे. मरणापूर्वींचे दिवस मात्र फार थोडे आहेत. वीर रणांगणावर पडतो, साधु समाधि घेतो, आई मुलाच्या वाटेकडे डोळे लावून प्राण सोडते, आणि वाचक डोळे पुसून पुस्तक मिटतो. परंतु त्यापूर्वींचे जे तीन किंवा सहा महिने खाटेवर जातात, ज्यांत कूस बदलण्यास दुसऱ्याचा हात लागतो, ज्यांत पाठीला जखमा पडतात, ज्यांत रात्रीं दोन वाजतां दुखणें उसळतें आणि आतां कोणाला उठवावें असा रोग्याला संकोच पडतो, त्या महिन्यांविषयीं आमचे लेखक बहुधा एका वाक्यांत बोलून पुढें जातात. वर्तमानपत्रांतील मृत्युवार्तेंत 'दीर्घ आजारानंतर' असे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांत काय काय सामावलेलें आहे हें दाखविणें वास्तविक वाङ्मयाचें काम. पण वाङ्मयानेंही बहुतेक वेळां तेवढ्याच दोन शब्दांवर भागविलें आहे.

हा प्रश्न केवळ रसिकांच्या बैठकींतला असता तर आम्ही त्यावर एवढीं पानें खर्चिलीं नसतीं. कर्करोग हाताबाहेर गेला, शस्त्रक्रिया, किरण आणि औषधें यांचा उपयोग संपला, 'आतां घरीं घेऊन जा' असें वैद्यांनीं सांगितलें, म्हणजे रोग संपत नाहीं. रुग्णालय तेवढें संपतें. अशा रोग्यांना ठेवून घेऊन शेवटपर्यंत त्यांचें दुखणें सुसह्य करणारी जी संस्था, तिला इंग्रजींत हॉस्पिस म्हणतात. मराठींत तिला अजून सर्वमान्य नांव नाहीं. या लेखापुरतें आम्ही तिला शुश्रूषागृह म्हणूं. या गृहांना लोकाश्रय पुरेसा मिळत नाहीं, आणि जो मिळतो तो बहुधा ज्याच्या घरांत हें दुखणें येऊन गेलें आहे त्याच्याकडूनच मिळतो. याचें कारण लोकांची कृपणता नसून लोकांच्या कल्पनेचें दारिद्र्य हें आहे, आणि त्या दारिद्र्याच्या दोषाचा कांहीं वांटा वाङ्मयाकडे येतो, असें आमचें मत आहे. तें सिद्ध करण्यासाठीं आम्ही दोन सुप्रसिद्ध कृति घेतों: एक रशियन कथा आणि एक हिंदी चित्रपट. ज्याला मरणाची वाट पाहावी लागत आहे असा मनुष्य दोहोंच्या केंद्रस्थानीं आहे.

टॉल्स्टॉय यांची 'इव्हान इलिचचा मृत्यु' ही दीर्घकथा १८८६ सालीं प्रसिद्ध झाली. इव्हान इलिच हा पंचेचाळीस वर्षांचा न्यायखात्यांतील अधिकारी. नव्या घरांत पडदे कसे लावावे हें दाखवितांना तो शिडीवरून घसरतो व कुशीला मार बसतो. पुढें तेथेंच दुखणें सुरू होऊन वाढत जातें. कोणी वैद्य मूत्रपिंड आपल्या जागेवरून सुटल्याचें सांगतो, कोणी आंत्रपुच्छाकडे बोट दाखवितो. रोगाचें नांव लेखक शेवटपर्यंत सांगत नाहीं. पण वैद्यकांतील अनेक वाचकांनीं तो कर्करोगच असावा असा तर्क केला आहे. कथेचा आरंभ मृत्यूनंतरचा आहे: बातमी वाचतांच सहकाऱ्यांच्या मनांत पहिला विचार येतो तो रिकाम्या झालेल्या जागेवर कोणाची बढती होईल हा, आणि विधवेला चिंता असते ती सरकारी तिजोरींतून अधिक रक्कम कशी मिळेल याची.

या कथेवर टीकाकारांनीं जें लिहिलें आहे तें बहुतेक तिच्या शेवटाविषयीं, म्हणजे अखेरच्या क्षणीं इव्हान इलिचच्या अंतःकरणांत पडणाऱ्या प्रकाशाविषयीं आहे. तो भाग थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु आमच्या मतें कथेचा गाभा मध्यभागीं आहे, आणि त्या गाभ्याचें नांव गेरासिम. हा स्वयंपाकघराच्या बाजूला काम करणारा एक तरुण खेडवळ नोकर. रोग्याचें मलमूत्राचें भांडें उचलण्याचें काम त्याच्याकडे येतें. इव्हान इलिचला त्याची लाज वाटते. गेरासिमला मात्र त्यांत लाजेसारखें कांहींच वाटत नाहीं. पाय उंच धरले असतां दुखणें थोडें उतरतें असें रोग्याला वाटतें, म्हणून हा मुलगा त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन रात्ररात्र बसतो. सर्वांनाच मरावयाचें आहे, मग एवढे श्रम घेण्यास कां कुरकुरावें, इतकेंच त्याचें तत्त्वज्ञान. घरांतील इतर सर्व मंडळी एका असत्याला धरून चालली आहेत: रोगी मरत नसून केवळ आजारी आहे, औषध नीट घेतलें कीं बरा होईल. या असत्याचा त्याला दुखण्याइतकाच त्रास होतो. त्यांत सामील नाहीं तो एकटा गेरासिम. शुश्रूषा ही केवळ अंगमेहनत नसून सत्याशीं राखलेलें इमानही आहे, हें टॉल्स्टॉय यांनीं या एका पात्रांत सांगून ठेविलें आहे.

पण कथा येथेंच थांबत नाहीं, आणि तिचा जो भाग वाचक लवकर विसरतो तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. इव्हान इलिचला अफू दिली जाते, मॉर्फीन टोंचलें जातें, आणि त्यानें दुखणें थांबत नाहीं. शेवटचे तीन दिवस तो अखंड ओरडत असतो. गेरासिमची माया खरी, पण ती त्या ओरडण्याला पुरी पडली नाहीं. गेरासिमजवळ हात होते, विद्या नव्हती. वैद्यांजवळ जी काय विद्या होती ती होती, पण हात नव्हते. आणि तिसरी एक गोष्ट लेखकानें बोलून दाखविलेली नाहीं तरी वाचकानें ध्यानांत घ्यावयाची आहे: गेरासिम हा पगारी नोकर होता. इव्हान इलिच श्रीमंत होता म्हणून त्याला गेरासिम लाभला. ज्याच्या घरीं नोकर नाहीं, ज्याची बायको दिवसा मजुरीला जाते, त्याचे पाय रात्रीं कोणी खांद्यावर घ्यावे? हात, विद्या आणि पगार या तिन्ही गोष्टी एका छपराखालीं आणणारी संस्था म्हणजेच शुश्रूषागृह. टॉल्स्टॉय यांच्या कथेंत तिची उणीव दिसते.

आतां 'आनंद' पाहूं. हृषीकेश मुखर्जी यांचा हा चित्रपट १९७१ सालचा. तो पाहिला नाहीं असें मराठी घर विरळा. त्याची भूमि मुंबई आहे, त्यांतील डॉक्टर कुलकर्णी व त्यांची पत्नी हीं रमेश देव आणि सीमा देव यांनीं वठविलीं आहेत, आणि प्रेमळ मेट्रनच्या भूमिकेंत ललिता पवार आहेत. त्यामुळें तो आम्हांला अर्धा मराठीच वाटतो. आंतड्याच्या कर्करोगानें ज्याचे थोडे महिने उरले आहेत असा एक तरुण मुंबईला येतो, भेटेल त्याला आपलेंसें करतो, गंभीर वृत्तीच्या डॉक्टर भास्करला हसावयास शिकवितो आणि निघून जातो. मरणाऱ्या माणसाला दयेचा विषय न करतां मैत्रीचा विषय करणें, ही या चित्रपटाची थोरवी आहे, व ती आम्ही मनापासून मान्य करतों. कर्करोग हा शब्द कुजबुजत उच्चारण्याच्या काळांत त्यानें तो शब्द मोठ्यानें उच्चारला, हेंही थोडें नव्हे.

परंतु या कृतींत एक विलक्षण उलटापालट आहे. येथें रोगी निरोग्यांची शुश्रूषा करतो. आनंद सर्वांना हसवितो, सर्वांचीं लग्नें जुळवितो, सर्वांचीं मनें सांभाळतो. त्याला स्वतःला काय लागतें? दुखण्याचे क्षण आहेत, पण ते मोजके. जखम नाहीं, दुर्गंधि नाहीं, खाटेला खिळणें जवळजवळ नाहीं. त्याच्याभोंवतीं दोन डॉक्टर, एक मेट्रन, एक प्रशस्त घर आहे, आणि या सगळ्याचा खर्च कोण करतो हा प्रश्न कोणाच्या मनांत येतच नाहीं. अखेरच्या वेळीं भास्कर धांवतो तो दुखणें शमविणारें औषध आणण्यासाठीं नव्हे, तर बरें करील अशा आशेनें होमिओपाथीचें औषध आणण्यासाठीं; आणि तो परत येतो तेव्हां मित्र गेलेला असतो. म्हणजे ज्या डॉक्टरला हा रोग असाध्य आहे हें सर्वांत अधिक ठाऊक, तोच शेवटच्या घटकेला उशापासून दूर गेलेला आहे. दिग्दर्शकानें हा प्रसंग मैत्रीची पराकाष्ठा म्हणून रंगविला आहे. आम्हांला त्यांत आमच्या समाजाची नेहमींची चूक दिसते. बरें करण्याची धांवाधांव हीच माया, आणि जवळ बसून राहणें म्हणजे हातपाय गाळणें, अशी आमची समजूत झाली आहे.

कोणी म्हणेल कीं कलाकृतीकडे जखमा व हिशेब मागणें ही अरसिकता आहे. आम्हांला तसें वाटत नाहीं. 'आनंद'नें जखमा दाखवावयास हव्या होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं अशाच कृतींवर पोसलेलें मन, मरणारा मनुष्य हंसतमुख, स्वच्छ व उपदेशक असावा अशी अपेक्षा करूं लागतें. आणि जेव्हां घरांतला खरा रोगी चिडतो, कण्हतो, अंथरूण ओलें करतो, तेव्हां तें मन गोंधळून तोंड फिरवितें. मराठींतलें घरोघरचें उदाहरण घ्या. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या १९३५ सालच्या पुस्तकांत आईच्या शेवटच्या दुखण्यांत सखूमावशी येऊन तिची सेवा करते. दुखणें निराळें आहे, पण शुश्रूषा तीच. श्याम वेळेवर पोंचत नाहीं, हें प्रत्येक वाचकाला आठवतें. त्याबद्दल त्यानें अश्रू ढाळलेले असतात. सखूमावशी किती जणांना आठवते? लेखकानें तिला लिहिलें. आम्हीं तिला वाचलें नाहीं.

सखूमावशी आणि गेरासिम यांच्या हातांना विद्येची जोड देण्याचें काम विसाव्या शतकांत ज्यांनीं केलें त्यांत डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचें नांव पहिलें. त्यांचा जन्म १९१८ चा. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयांतील समाजसेविका, आणि शेवटीं १९५७ सालीं डॉक्टर, असा त्यांचा प्रवास आहे. १९४८ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत डेव्हिड तास्मा या पोलंडहून आलेल्या निर्वासित ज्यू मनुष्याचें कर्करोगानें निधन झालें. तो एकाकी होता, उपाहारगृहांत वाढप्याचें काम करीत असे. अशा रोग्यांसाठीं निराळें घर असावें, याविषयीं दोघांचें पुष्कळ बोलणें झालें होतें. मरतांना त्यानें सॉन्डर्स यांना पांचशें पौंड ठेविले, त्या घराची एक खिडकी व्हावी या इच्छेनें. त्या खिडकीभोंवतीं घर उभें राहण्यास १९ वर्षें लागलीं: सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस हें दक्षिण लंडनमध्यें १९६७ सालीं उघडलें. २००५ सालीं स्वतः सॉन्डर्स यांनीं देह ठेविला तोही तेथेंच.

त्यांनीं शिकविलेली गोष्ट ऐकण्यास साधी आहे. दुखणें उसळलें, रोगी ओरडला, कीं मग औषध द्यावयाचें ही पूर्वींची रीत. तींत रोग्याला प्रत्येक वेळीं आपलें दुःख सिद्ध करून दाखवावें लागे. सॉन्डर्स यांनीं सांगितलें कीं औषध घड्याळाप्रमाणें, तोंडानें, मोजून द्या. दुखणें डोकें वर काढण्यापूर्वींच पुढची मात्रा पोंचली पाहिजे. असें केल्यास रोगी गुंगींत पडून राहत नाहीं, उलट बोलूं, जेवूं, झोंपूं शकतो. आणि दुखणें केवळ शरीराचें नसतें. पैशाची काळजी, मुलांची काळजी, मनाची भीति, ईश्वराविषयींचा प्रश्न, हीं सर्व मिळून एकच दुखणें होतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं कर्करोगाच्या वेदनांवरील आपल्या पुस्तिकेंत सौम्य औषधापासून मॉर्फीनपर्यंत तीन पायऱ्यांची जी पद्धति सांगितली, तिचा पाया हाच होता.

त्याच १९८६ सालीं मुंबईंत वांद्र्याला शांति अवेदना आश्रम निघाला. हिंदुस्थानांतील हें पहिलें शुश्रूषागृह. संस्थापक डॉ. एल. जे. डिसूझा हे कर्करोगावरील शस्त्रवैद्य. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडल्यापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी मुंबईला येत होते. ज्यांच्यासाठीं करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं त्यांनीं कोठें जावें, या प्रश्नाला हें उत्तर होतें. येथें ख्रिस्ती भगिनी सर्व जातिधर्मांच्या रोग्यांची विनामूल्य सेवा करतात. पुढें गोव्यांत व दिल्लींत याच्या शाखा झाल्या. नांवांतला 'अवेदना' हा शब्द आम्हांला फार मार्मिक वाटतो. 'आरोग्य' असें वचन त्यानें दिलें नाहीं, 'मोक्ष' असेंही दिलें नाहीं. वेदना नसणें एवढेंच दिलें, आणि तें पाळलें. पुण्याला वारजे येथें सिप्ला संस्थेनें १९९७ सालीं असेंच एक विनामूल्य केंद्र काढलें.

या कामांत औषधाचा एक विचित्र इतिहास आहे. मॉर्फीन अफूपासून होतें. अफूची कायदेशीर लागवड आमच्याच देशांत मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथें होते. साधें मॉर्फीन महागही नाहीं. तरी १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानंतर परवान्यांचा असा गुंता झाला कीं रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडलें, आणि त्याचा वापर झपाट्यानें घटला. वैद्यांची एक पिढी तें द्यावयास न शिकतां वाढली. वेदनामुक्तीच्या कार्यकर्त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. ज्या देशांतून जगाला अफू गेली त्याच देशांतला कर्करोगी इव्हान इलिचसारखा ओरडत राहिला, ही गोष्ट कोणत्याही शोकांतिकेपेक्षां कमी नाहीं. परंतु तिच्यावर नाटक लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मॉर्फीनचें नांव काढतांच एक आक्षेप येतो: मॉर्फीन देऊन ठेवणें म्हणजे हळूहळू मारणेंच नव्हे काय? नव्हे. शुश्रूषागृह मरण जवळ आणीत नाहीं आणि ओढूनताणून लांबवीतही नाहीं. वेदनेच्या प्रमाणांत, जाणत्या हातानें दिलेल्या मात्रेनें रोगी मरत नाहीं, त्याला श्वास टाकण्यापुरती जागा मिळते. दुसरा आक्षेप असा कीं घरचीं माणसें असतां रोग्याला परक्या घरीं कां पाठवावें? हा आक्षेप घेणाऱ्यांनीं 'घरचीं माणसें' या शब्दाचा अर्थ एकदां तपासावा. बहुधा तो अर्थ एक बायको, एक सून किंवा एक मुलगी एवढाच असतो. तिला रात्रीची झोंप नाहीं, जखम कशी बांधावी हें कोणी शिकविलेलें नाहीं, आणि दुखणें वाढलें कीं दोष तिच्याकडे. शुश्रूषागृहांत तिच्या हातांतलें काम उतरतें, आणि ती रोग्याच्या उशाशीं नुसती बायको म्हणून बसूं शकते. शिवाय खाट हा या सेवेचा एकच प्रकार नव्हे. केरळांत १९९३ सालीं कोळिकोड येथें जें काम सुरू झालें, त्यांतून पुढें गांवोगांव स्वयंसेवकांचीं मंडळें निघालीं; परिचारिका व डॉक्टर रोग्याच्या घरीं जातात, आणि खर्चाचा मोठा वांटा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहान लहान वर्गणींतून उभा राहतो. २००८ सालीं तेथील सरकारनें या सेवेचें धोरणच जाहीर केलें.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पैसा थोडा आहे. तो बऱ्या होणाऱ्या मुलावर खर्चावा कीं न वांचणाऱ्या वृद्धावर? आम्ही हा प्रश्न टाळीत नाहीं. बऱ्या होणाऱ्याला उपचार मिळाला पाहिजे हें निर्विवाद. परंतु जो वांचणार नाहीं त्याचें दुखणें त्यामुळें कमी दुखत नाहीं. न वांचणाऱ्यावर झालेला खर्च वांया गेला असें म्हणणें म्हणजे मनुष्याच्या दुःखाची किंमत त्याच्या उरलेल्या वर्षांवर ठरविणें होय. आणि हा हिशेब एकदां मान्य केला कीं म्हाताऱ्यांना पाणी तरी कां द्यावें असा प्रश्न पुढें येईल. ज्या रुग्णालयाच्या दारावर 'येथून पुढें आमचें काम नाहीं' असें लिहिलेलें असतें, त्यांत बरा होऊन गेलेला रोगीही मनांतून निर्भय नसतो.

पैशाच्या या प्रश्नांतून थोर माणसेंही सुटलेलीं नाहींत. टॉल्स्टॉय यांची कथा ज्या १८८६ सालीं प्रसिद्ध झाली त्याच सालच्या १६ ऑगस्टला श्रीरामकृष्ण परमहंस यांनीं गळ्याच्या कर्करोगानें देह ठेविला. डिसेंबर १८८५ पासून ते कलकत्त्याजवळ काशीपूरच्या उद्यानगृहांत होते. तें घर भाड्याचें होतें; महिना ८० रुपये भाडें सुरेंद्रनाथ मित्र यांनीं सोसलें. इतर गृहस्थ शिष्य बाकीचा खर्च वांटून घेत, शारदादेवी पथ्याचें अन्न शिजवीत, आणि पुढें ज्यांनीं संन्यास घेतला ते तरुण पाळीपाळीनें रात्रंदिवस उशाशीं बसत. हात, अन्न, भाडें, वैद्य, सर्व होतें. नुसतें नांव नव्हतें, नाहींतर तेंही एक शुश्रूषागृहच होतें. आणि खर्च वाढूं लागल्यावर सेवेकऱ्यांची संख्या कमी करावी कीं काय, यावरून गृहस्थ व तरुण मंडळींत कुरबुर झाल्याचेंही चरित्रकारांनीं लपविलेलें नाहीं. आम्हांला ही नोंद त्या चरित्रांतली एक मोलाची नोंद वाटते. अवतारी मानलेल्या पुरुषाच्या अंथरुणाशींही महिन्याचा हिशेब येऊन उभा राहिला. मग इतरांच्या अंथरुणाशीं तो नसेल असें मानणें हीच अश्रद्धा होय.

आतां एक शब्द शुश्रूषागृहांच्या वतीनें निघणाऱ्या विनंतिपत्रकांविषयीं. तेंही एक वाङ्मयच आहे, आणि टीकेला पात्र आहे. सर्वसाधारण पत्रक विशेषणांनीं भरलेलें असतें: अभागी, असहाय, काळाच्या दाढेंत सांपडलेले; सोबत एका खंगलेल्या चेहऱ्याचें छायाचित्र; शेवटीं दात्याच्या पुण्याची ग्वाही. असें पत्रक वाचून मनुष्य एकदां हळहळतो, एकदां पैसे पाठवितो आणि विसरतो; कारण त्यांत त्याला दुःख दिसलें, काम दिसलेंच नाहीं. शिवाय ज्याचें छायाचित्र छापलें त्या रोग्याला 'आनंद'नें दिलेला मैत्रीचा मान येथें पुन्हां काढून घेतला जातो. आमच्या मतें चांगलें पत्रक हिशेबाच्या वहीसारखें असावें: खाटा इतक्या, रात्रपाळीला परिचारिका इतक्या, महिन्याला त्यांचा पगार, धुलाई, जखमांच्या पट्ट्या, मॉर्फीन, दूध यांचा खर्च इतका, जमा इतकी, तूट इतकी. वाचकाच्या बुद्धीवर एवढा विश्वास टाकण्यास हरकत नाहीं.

दात्यांचीही एक संवय सुधारण्यासारखी आहे. इमारतीवर नांव कोरतां येतें, रात्रपाळीच्या पगारावर कोरतां येत नाहीं. म्हणून इमारतीला पैसा मिळतो आणि रात्रपाळी तोट्यांत चालते. शुश्रूषागृहाचा खरा खर्च माणसांचा आहे. येथें महागडीं यंत्रें फारशीं नाहींत. येथें लागतात त्या जखम न किळसतां धुणाऱ्या व्यक्ति, आणि तें काम वर्षानुवर्षें करणाऱ्यांना सन्मानानें जगतां येईल असें वेतन. यासाठीं एकदां दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षां दरमहा न चुकतां आलेली लहान रक्कम अधिक उपयोगी, कारण तिच्या भरंवशावर माणूस नेमतां येतो. ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याच्याजवळ आठवड्याचे दोन तास असतात: वर्तमानपत्र वाचून दाखवावें, गांवाला पत्र लिहून द्यावें, रोग्याची बायको जेवून येईपर्यंत त्याच्याजवळ बसावें. तास्माजवळ घर बांधण्याइतके पैसे नव्हते. एका खिडकीपुरते होते, ते त्यानें दिले.

लेखकांकडे आमचें मागणें याहून निराळें नाहीं. त्यांनीं प्रचाराच्या कथा लिहाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. तशा कथांनीं कोणाचेंच भलें होत नाहीं. त्यांनीं पाहावें एवढेंच. मुंबई, पुणें किंवा गोवा येथील एखाद्या शुश्रूषागृहांत परवानगी घेऊन चार दिवस मुकाट्यानें बसावें; चादर न हलवितां कशी बदलतात, न जेवणाऱ्याच्या ओठांना पाणी कसें लावतात, 'मी बरा होईन का?' या प्रश्नाला खोटें न बोलतां आणि आशा न तोडतां उत्तर कसें देतात, हें पाहावें. त्यांतून गेरासिमइतकें खरें एक मराठी पात्र निघालें तरी तें कोणत्याही विनंतिपत्रकापेक्षां अधिक खाटा चालवील. तोंपर्यंत वाचकांनीं आपल्या जिल्ह्यांत अशी सेवा कोण करतें याची चौकशी करावी, त्यांच्या एका रात्रपाळीला काय खर्च येतो तें विचारावें, आणि त्यांतला आपल्याला झेपेल तेवढा वांटा महिन्याच्या किराण्याच्या खर्चाजवळ मांडावा.